मागे चालणारा पाहुणा

माझ्या मागे कोणी चाललेलं मला खपत नाही. हे आजचं नाही, पहिल्यापासूनचं आहे. सबस्टेशनला ऑपरेटर होतो तेव्हा मदतनीस पाठीमागे येऊन उभा राहिला तरी मी त्याच्यावर खेकसायचो. लग्नानंतर बायको मागे चालायची, तर रस्त्यात थांबून तिला म्हणायचो, एक तर पुढे हो, नाहीतर बरोबर चल. ती म्हणायची, "तुमी जरा हळू चाला ना, मंग मी बरोबरच शे." तिचं काही चुकत नव्हतं. पण मला हळू चालता येत नाही, त्याला मी काय करू?

तर अशा माणसाच्या घरी एक पाहुणा आला, आणि तो परत जाईपर्यंत माझ्या मागे मागे चालला. घरातून ओट्यावर, ओट्यावरून शेतात, शेतातून न्हाव्याकडे. मी थांबलो की थांबायचा, वळलो की वळायचा. आयुष्यात मी इतका वैतागलो नव्हतो, आणि मी वैतागण्यात कमी नाही हे आमच्या गावात कोणालाही विचारा.

आधी तो का आला ते सांगतो. माझी एकुलती एक मुलगी नैरोबीला ठिबक सिंचनाच्या कामात आहे. आमच्या भागातल्या पोरी सुरतला जातात, पुण्याला जातात, एखादी अमेरिकेला जाते. ही केनियाला गेली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाबा, पपईला तिकडेही पाणी लागतं." लहानपणापासून अशीच. मी पूर्व म्हटलं की हिला पश्चिमच दिसणार. विज्ञान घे म्हटलं तर शेती घेतली, धुळ्याला राहा म्हटलं तर राहुरीला गेली. माझा एक शब्द तिने कधी मानला असेल तर तो मला आठवत नाही.

आणि ह्याच मुलीने एका रविवारी फोन करून सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा तिकडचाच, सोबत काम करणारा, किकुयू.

"किकुयू म्हणजे काय?" मी विचारलं.

"तिकडचे लोक, बाबा. त्यांची भाषाही तीच. डोंगरउतारावरचं गाव आहे त्याचं. घरचा चहाचा मळा आहे, दोन गायी आहेत."

गायींचं तिने मुद्दाम सांगितलं हे मला कळलं. पुढचं ऐकून मात्र मी खुर्चीतून उठलो. तो मुलगा कसल्याशा प्रशिक्षणासाठी जळगावला येणार होता. ते संपलं की काही दिवस आमच्याकडे राहणार होता. "त्याला बघा," ती म्हणाली, "आणि तो निघायच्या आत हो किंवा नाही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. पण मग दुसरं स्थळही बघू नका."

आता याला काय म्हणायचं? जन्मभर ज्या पोरीने माझं ऐकलं नाही, तिने नेमकं इथे येऊन ऐकायचं ठरवलं! पळून गेली असती तर बरं झालं असतं. निदान दोन वर्षं तोंडभरून रागावता आलं असतं, मग नातवंड झालं की राग सोडता आला असता. आमच्या भावकीत तीन जणांनी असंच केलंय आणि आता सगळ्यांचं गोडीत चाललंय. हिने मात्र सगळं माझ्या गळ्यात घातलं. हो म्हणावं तर भावकीला तोंड द्यायचं, नाही म्हणावं तर पोरगी जन्माची एकटी. त्या रात्री मी जेवलो नाही. बायको जेवली.

नंदुरबार स्टेशनला मी त्याला घ्यायला गेलो. गर्दीत शोधावं लागलं नाही, सगळ्यांपेक्षा एक हात वर त्याचं डोकं होतं. मला पाहिलं आणि सरळ खाली वाकून त्याने पायांना हात लावला. फलाट थांबून बघायला लागला. वर उठून म्हणाला, "बाबा."

मला घाम फुटला. अजून मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं, आणि हा भर स्टेशनात मला बाप करून मोकळा. मी त्याला हाताने खूण केली, ये माझ्या मागे. रिक्षा मिळेपर्यंत तो दोन पावलं मागे राहून चालला. मला वाटलं गर्दीमुळे असेल. पण ते तिथे जे लागलं ते लागलं.

आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठाला. घोड्यांची यात्रा नुकतीच उठून गेली होती. यात्रेत लांबलांबचे लोक येतात, परदेशातलेही येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी गावाने त्याला तसाच एखादा समजून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात एकाने विचारलंच.

"हाऊ कोन शे भो?"

"पाहुणा," मी म्हणालो.

"यात्रा त उठनी. आते काय देखाले वना?"

"ठिबकचा इंजिनिअर आहे. कंपनीने पाठवलाय."

खोटं नव्हतं. पण पाठीमागून आवाज आला, "बाबा, मीही दाढी करू?" इंग्रजीतलं एक अक्षर कोणाला कळलं नाही, 'बाबा' मात्र सगळ्यांना कळलं. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. मी सांगितलं, तिकडे मोठ्या माणसाला बाबाच म्हणतात. हेही खोटं नव्हतं, मुलीनेच मला सांगितलं होतं. पण खरं बोलूनही माणसाचे कान गरम होऊ शकतात, हे मला त्या दिवशी समजलं.

मग रोजचंच झालं. मी पुढे, माझ्या मागे तो, त्याच्या मागे गावातली पोरं, पोरांच्या मागे एखादं कुत्रं. मिरचीचे भाव बघायला मार्केट यार्डात गेलो तर तिथेही. लाल मिरचीच्या ढिगांमधून हा माझ्या मागे शिंकत शिंकत येतोय, हमाल गोण्या खाली ठेवून हसतायत, ओळखीचा मारवाडी व्यापारी चहा मागवून विचारतोय, "भाऊसाहेब, कोण हे?" मी पुन्हा तेच. पाहुणा. इंजिनिअर. व्यापाऱ्याने लगेच त्याला आपल्या भावाच्या पपईला किती ठिबक लागेल ते विचारायला सुरुवात केली आणि मी सुटलो.

आमच्या भावकीत सगळ्यात वडील म्हणजे आबा. माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. भावकीत कुठलंही लग्न ठरलं की पहिला निरोप त्यांच्याकडे जातो, आणि ते नुसतं "बरं शे" म्हणाले तरी पुरतं. तसं म्हणाले नाहीत तर मात्र लग्नाला निम्मे लोक येत नाहीत. त्यांच्या ओट्यासमोरून जाणं मी दोन दिवस टाळलं, आडवाटेने शेतात गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बराच वेळ लागला.

"हाऊ तुन्हा मांगेच कसाले ऱ्हास?" त्यांनी विचारलं.

"त्याला रस्ता माहीत नाही, आबा."

"इतला दिन मा भी?"

मी काहीतरी पुटपुटून निघालो. पाहुण्याने निघताना त्यांच्याही पायांना हात लावला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि डोकं खाली येईपर्यंत तसाच धरून ठेवला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच दिवशी शेतात माझा संयम संपला. पपईच्या बांधावरून चाललो होतो, बांध अरुंद, दोघांना शेजारी चालणं शक्यच नाही, तरी मी वळून ओरडलो. माझं इंग्रजी सबस्टेशनचं आहे. ट्रिपिंग, ब्रेकडाऊन, लोड, यापलीकडे त्याची फार धाव नाही. पण राग आला की भाषा कमी पडत नाही.

"हे मागे मागे येणं," मी म्हणालो, "तुमच्या भाषेत याला काही शब्द आहे की नुसतंच येता?"

तो हसला. आहे म्हणाला. रोमेरेरा.

"काय?"

"रोमेरेरा." मग त्याने मला समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण चिडून का होईना मी त्याच्या भाषेबद्दल काहीतरी विचारलं याचाच त्याला आनंद झाला होता. एखाद्याच्या मागून चालणं म्हणजे रोमेरेरा. वाट धरून जाणं, तेही तेच. वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं मानणं, त्यालाही हाच शब्द. एका मुलाच्या पाठीवर दुसरं जन्मलं, तर त्या दुसऱ्याने पहिल्याला रोमेरेरा केलं. त्याची आई शेळ्यांच्या मागे जाते तेही हेच, आणि चर्चमध्ये देवाच्या मागे चला सांगतात तेही हेच.

मी बांधावर उभा राहून ऐकत होतो आणि मला आणखी राग येत होता. एका शब्दावर इतकं ओझं टाकायचं म्हणजे काय? आम्ही बघा कसं नीट वाटून ठेवलंय. मागे लागणं वेगळं, मागे राहणं वेगळं, पाठीशी असणं वेगळं, पाठ न सोडणं वेगळं. पाठचा भाऊ वेगळा आणि मागची ब्याद वेगळी. मला इतकंच हवं होतं की या माणसाने यातलं काहीतरी एक निवडावं आणि मला सांगावं. माझ्या मागे लागला असशील तर मी तुला हाकलतो. पण तू नुसताच मागे येतोयस, हातात काही नाही, मागणं काही नाही, तर मी तुझं करू काय?

"आणि पुढचाच वाट चुकला तर?" मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. "मग दोघं मिळून कोणाला तरी विचारू," तो म्हणाला.

मी ठिबकची नळी पायाने सरळ केली आणि पुढे निघालो. पाठीमागे त्याचे बूट वाजत राहिले. जाड रबरी तळ असलेले ते बूट होते, एक जरा करकरायचा. तो आवाज एव्हाना मला पाठ झाला होता.

घरी वेगळाच तमाशा. माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, आणि दोघांच्या गप्पा मात्र थांबत नव्हत्या. ती आपली अहिराणीत बोलत सुटायची. "बठ भाऊ. आखो एक भाकर ल्हे. पोट भरनं का?" तो भाकरी घ्यायचा. दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्याला इतका आवडला की डोळ्यांतून पाणी येत असताना तो आणखी मागायचा. तिने त्याला चार शब्दही शिकवले. बाहेरून हाक मारली, "कोठे शेस रे भाऊ?" की आतून उत्तर यायचं, "आठेच शे, माय." हे ऐकून शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऐकायला यायच्या.

एकदा तो आंघोळीला गेला असताना तिने मला गाठलं.

"काय ठराव्हं मंग?"

"ठरतंय," मी म्हणालो. "भावकीचं बघायला नको?"

"भावकीले इचारं का तुमी?"

"विचारायला सांगावं लागतं ना आधी की हा कोण आहे!"

"मंग सांगा."

"इतकं सोपं नाही ते. हे बघ, रंगाचं मला काही नाही."

"मंग कसानं शे?"

धर्माचं म्हणावं तर मी वर्षातून एकदा देवळात जातो. लांबचं म्हणावं तर मुलगी आधीच लांब गेलेली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. उद्या हा माणूस माझ्या मागे चालत असताना कोणीतरी हसेल आणि मला ऐकू येईल, याची भीती. स्वतःसाठी की त्याच्यासाठी, तेही मला नीट सांगता आलं नसतं. मी बायकोवरच चिडलो, भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. भाजी अजून व्हायची होती.

त्याच्या निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच आबांच्या घरातून रडण्याचा आवाज आला. झोपेतच गेले. वय झालं होतं, कोणाला आश्चर्य वाटलं नाही. मुलीचं लग्न ज्या माणसाला पहिल्यांदा सांगायचं, तोच उठून गेला. आधी मनात आलं, एक अडचण कमी झाली. लगेच मला स्वतःचाच संताप आला, कारण डोक्यावर हात ठेवायला उचललेला तो हात मला आठवला.

दुपारपर्यंत गावोगावचे लोक जमले. शहाद्याहून, नवापूरहून, सुरतेहून. मी पाहुण्याला सांगितलं, तू घरी थांब. बायको म्हणाली, "येवू द्या ना. त्यानी भी पाय पड्या व्हतात." मी वाद घातला नाही. तिरडी उचलली तेव्हा तो लोकांच्या शेवटी जाऊन उभा राहिला. खांदेकरी अनवाणी आहेत हे पाहून त्याने बूट काढून आमच्या ओट्याखाली ठेवले होते. वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली, खांदे बदलले, आणि सगळं जसं होतं तसं पार पडलं. तापीच्या काठी चिता पेटली. धूर नदीवर गेला. तो जरा बाजूला, पाण्याकडे तोंड करून उभा होता. परत निघायच्या आधी मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

मग सगळे घराकडे निघाले, आणि मीही निघालो. वीसेक पावलं चालल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला काहीच सांगितलेलं नाही.

आमच्याकडे मसणवाटेवरून परतताना मागे वळून पाहत नाहीत. कितीही शिकलेला असो, कोणी पाहत नाही. गेलेल्याचा जीव घुटमळत असतो, वळून पाहिलं तर तो मागे येतो, असं म्हणतात. आणि त्या वाटेवर कोणाला नावाने हाक मारायची नाही, कारण ते नाव भलतंच कोणीतरी ऐकतं. हे आम्हाला सांगावं लागत नाही, लहानपणी एकदा फटका बसला की पाठ होतं. पण त्याला कोण सांगणार? आणि नदीवरून येताना वाट फुटते. एक गावात येते, दुसरी काठाकाठाने जाऊन पार वाळूच्या खड्ड्यांत उतरते. तो त्या वाटेला लागला तर?

मी कान दिला. मागे शंभर माणसं चालत होती. बूट वाजले असते तर शंभरांत मला कळलं असतं. पण आज तो अनवाणी होता.

मी शेजारच्या चुलतभावाला हळूच विचारलं, "मागे आपला माणूस दिसतो का?"

"मांगे देखू नको," तो म्हणाला, समोर बघत.

"मी नाही बघत. तू बघ."

"मी कसाले देखू?"

अख्खी भावकी चालली होती, त्यात वकील होते, मास्तर होते, एक डॉक्टर होता, आणि एकाची मान मागे वळायला तयार नव्हती. इतके दिवस ज्याला मागे वळून वळून मी डोळे वटारले, तो आज मागे आहे की नाही हे बघायची मला सोय नव्हती. वाटेचा फाटा जवळ आला. परका मुलुख, भाषा नाही, पायात काही नाही, आणि याला आणून सोडलं कोणी, तर मी. मुलीला मी काय सांगू? तुझा माणूस माझ्या मागे येत होता आणि मी पाहिलं नाही?

मी समोर बघतच ओरडलो, "ओ पाहुणा!"

मागून चार-पाच आवाज आले, "काय?" "कोन, मी का?" मयतीला आलेले सगळेच पाहुणे.

"तुम्ही नाही! ओ इंजिनिअर!"

"बोला ना काका," डावीकडून आवाज आला. उजवीकडूनही आला. आता आमच्याकडे घरटी एक इंजिनिअर आहे, हे मी विसरलोच होतो. ज्याला हाक मारत होतो त्याच्याकडून मात्र काही नाही. त्याला कुठे माहीत की इतके दिवस मी त्याला गावभर या दोन नावांनी खपवत होतो?

फाटा दहा-बारा पावलांवर राहिला. मग मी विचार केला नाही. विचार केला असता तर माझ्या तोंडून ते निघालं नसतं.

"ओ जवाई!" मी ओरडलो. तेवढ्यात लक्षात आलं की भावकीचे सगळे जावईही आज मागे आहेत, म्हणून आणखी मोठ्याने ओरडलो, "मन्हा जवाई! मन्हा! कोठे शेस रे भाऊ?"

शंभर माणसांची कुजबुज एकदम थांबली. नुसते पाय वाजत होते.

"आठेच शे, बाबा," माझ्या अगदी पाठीशी आवाज आला. दोन पावलांवर. तो कधीच चुकला नव्हता.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आठेच शे, तर आधी बोलायला काय झालं होतं? मी तिथेच पुढे बघत त्याला इंग्रजीत दरडावलं, मागे बघू नकोस, सरळ चाल. तो हो म्हणाला.

मग चुलतभाऊ, तोही समोरच बघत, म्हणाला, "जवाई शे का हाऊ?"

"हां," मी म्हणालो.

"आपली आंडेरना?"

"मग दुसरी मुलगी कोणती आहे मला?"

तो थोडा चालला. मला वाटलं आता सुरू होईल, जात, धर्म, देश, काय काय. आणि सुरू झालंच. पण त्याचा आवाज चढला तो भलत्याच गोष्टीवर.

"आधी सांगता नही वनं का तुले? इतला दिन जवाईले गावभर मांगे मांगे चालाडं! जवाईले कोनी मांगे चालाडस का? काही रीतभात शे का नही?"

दुसराही कोणी बोलला. मग तिसरा. आमच्याकडे जावयाचा मान मोठा, तो पुढे बसतो, आधी जेवतो, त्याच्या हातात कोणी पिशवी देत नाही. आणि मी त्याला मिरचीच्या ढिगांतून, पोरं-कुत्र्यांची वरात लावून, पाठीमागे फिरवला होता. आबांच्या मयतीवरून परतताना अर्ध्या भावकीने मला झाडलं. उरलेली अर्धी गप्प होती, ती का गप्प होती ते मला कळत होतं, आणि त्यातल्या काहींशी मला पुढे बरंच बोलावं लागलं, अजून लागतं. त्या वेळी मात्र कोणीतरी पाहुण्याला कोपराने पुढे ढकललं आणि तो माझ्या बरोबरीने चालायला लागला. मी नेहमीच्या वेगाने चालत होतो. त्याचे पाय लांब आहेत, त्याला काही जड गेलं नाही.

दारात कडुनिंबाचा पाला ठेवला होता. मी दोन पानं चावली, त्यालाही दिली. त्याने तोंड वाकडं केलं नाही, ठेच्यानंतर त्याला कशाचंच काही वाटत नसावं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आबांचं तिला कळलं होतं, त्यांच्याबद्दल ती बराच वेळ बोलली. लहानपणी ते तिला खांद्यावर बसवून यात्रेत घोडे दाखवायचे, ते सांगितलं. मूळ गोष्ट विचारायला ती घाबरत होती, हे मला ऐकू येत होतं. मी दमलो होतो. पाय दुखत होते, घसा बसला होता, आणि समोर स्वयंपाकघरात तो माणूस माझ्या बायकोला उगीचच लसूण सोलून देत होता. त्यालाही बहुतेक अजून नीट कळलं नव्हतं की दुपारी त्या वाटेवर काय झालं.

"मी ठेवतो आता," मी म्हणालो. "उद्या पहाटे उठायचंय. जावयाला स्टेशनवर सोडायला जायचंय."

पलीकडून काहीच आवाज येईना. मी "हॅलो, हॅलो" केलं. ओट्यावर गेलो, तिथेही नाही. या गावात रेंज कधी वेळेवर मिळत नाही म्हणून वैतागलो, फोन हातावर आपटला, पुन्हा कानाला लावला आणि ओरडलो, "ऐकू येतंय का तुला?"

मग कळलं, रेंज होती. ती रडत होती.